लालबागेचे शिल्पकार गुस्टाफ क्रुम्बिगल : फुलांच्या ताटव्यापासून बहरणाऱ्या शहरापर्यंत

बंगळूरच्या लालबागेत दरवर्षी दोन वेळा, प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. बागेतील काचगृहात त्या वर्षीच्या विषयाला अनुसरून फुलांच्या भव्य प्रतिकृती उभारल्या जातात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे प्रदर्शन कन्नड चित्रपट अभिनेते राजकुमार आणि पुनीत राजकुमार यांना समर्पित होते. २०२४ च्या जानेवारीत बसवेश्वर आणि वचनसाहित्य, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि २०२५ च्या जानेवारीत महर्षी वाल्मीकी हे विषय होते. काचगृहाबाहेर हंगामी फुलांचे ताटवे सजतात. शहरातील घरे, संस्था आणि कारखाने यांच्या बागांच्या स्पर्धाही या निमित्ताने घेतल्या जातात. लाखो नागरिक ही आरास पाहून जातात, आणि काही दिवसांतच ती उतरवली जाते.

या प्रदर्शनाच्या आयोजनात राज्याच्या फलोद्यान विभागाबरोबर म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटीचा सहभाग असतो. ही संस्था १९१२ मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते लालबागेचे तत्कालीन अधीक्षक जन्माने जर्मन, शिक्षणाने निम्मे इंग्रज आणि कर्मभूमीने भारतीय होते. त्यांचे नाव गुस्टाफ हेर्मान क्रुम्बिगल. बंगळूरला उद्याननगरी हा लौकिक मिळवून देणाऱ्या व्यक्तींमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्या भारतातील सेवेचा प्रारंभ मात्र बंगळूरला झाला नाही. तो झाला सयाजीराव गायकवाड यांच्या बडोद्यात.

सॅक्सनीतील बालपण आणि शिक्षण

क्रुम्बिगल यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ रोजी ड्रेस्डेन शहराजवळील लोहमेन या गावी झाला. त्या वेळी एकसंध जर्मनी अस्तित्वात आलेला नव्हता आणि सॅक्सनी हे स्वतंत्र राज्य होते. ड्रेस्डेनजवळच एल्ब नदीच्या काठी पिल्नित्झ येथे सॅक्सनीच्या राजघराण्याचा उन्हाळी प्रासाद व त्याभोवती विस्तीर्ण उद्यान आहे. तेथेच तरुण क्रुम्बिगल यांनी उद्यानविद्येचे धडे घेतले. पुढे १८८४ मध्ये श्वेरीन येथे आणि त्यानंतर हॅम्बुर्ग येथे त्यांनी उद्यानरचनेचे काम केले.

त्या काळी वनस्पतिशास्त्र व उद्यानविद्या यांची पंढरी म्हणजे लंडनजवळचे क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यान होते. ब्रिटिश साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या वनस्पती तेथे जोपासल्या जात आणि तेथे तयार झालेले माळी व अधीक्षक जगभरच्या उद्यानांत नेमले जात. क्यूमध्ये काम मिळावे, अशी क्रुम्बिगल यांची तीव्र इच्छा होती. पत्रव्यवहारातून ते साधले नाही. तेव्हा १८८८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते थेट इंग्लंडला गेले.

हाइड पार्कचे ताटवे

इंग्लंडमध्ये त्यांना काम मिळाले ते लंडनच्या हाइड पार्कमध्ये, फुलांच्या ताटव्यांची रचना करण्याचे. आज हे काम किरकोळ वाटेल. त्या काळात मात्र ती उद्यानकलेतील अत्यंत प्रतिष्ठेची शाखा होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सार्वजनिक उद्यानांत ताटव्यांची एक नवी पद्धत रूढ झाली होती. बुटक्या, रंगीत पानांच्या वनस्पती अगदी दाट लावून जमिनीवर गालिच्यासारखी नक्षी उमटवायची, अशी ती पद्धत होती. क्लिव्हडेन येथील मुख्य माळी जॉन फ्लेमिंग यांनी १८६८ मध्ये अशा ताटव्यातून घराच्या मालकिणीची आद्याक्षरे साकारली, आणि त्याच सुमारास या पद्धतीला गालिचा ताटवा या अर्थाचे नाव मिळाले. पुढे बोधचिन्हे, अक्षरे आणि प्राण्यांच्या आकृतीही फुलापानांतून साकारल्या जाऊ लागल्या. नगरपालिकांची उद्याने यात एकमेकांशी चढाओढ करीत. आज जगभरच्या पुष्पप्रदर्शनांत विषयवार ताटव्यांच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांचे मूळ या परंपरेत आहे.

असा ताटवा तयार करणे ही सोपी गोष्ट नाही. प्रथम कागदावर आकृती काढावी लागते. ती चौकटी आखून मोजमापाने जमिनीवर उतरवावी लागते. कोणत्या रंगाची किती रोपे लागतील याचा हिशेब करून ती कित्येक महिने आधी रोपवाटिकेत वाढवावी लागतात. आल्टरनँथेरा, एचेव्हेरिया, लोबेलिया यांसारख्या वनस्पती ठरावीक उंचीपलीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांची सतत छाटणी करावी लागते. वसंत ऋतूतील ताटवा उपटला की त्याच जागी उन्हाळ्याचा ताटवा लावायचा असतो. म्हणजे पहिल्या फुलांना बहर येत असतानाच दुसऱ्यांची तयारी अन्यत्र चालू असावी लागते. या कलेचा खरा कस रंगसंगतीत जितका लागतो, तितकाच काळाच्या गणितातही लागतो.

या पद्धतीवर टीकाही होत होती. आयरिश उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० पासून आपल्या लेखनातून अशा आखीव ताटव्यांना विरोध केला आणि झाडांना त्यांच्या निसर्गस्वभावानुसार वाढू देणाऱ्या बागांचा पुरस्कार केला. क्रुम्बिगल यांची जडणघडण झाली ती या दोन विचारांच्या संघर्षाच्या काळात. पुढे भारतात त्यांनी जे केले, त्यात या दोन्ही विचारांचा मेळ दिसतो.

हाइड पार्कनंतर अखेर क्यूची दारे त्यांना उघडली. तेथील सेवेत त्यांना उष्ण कटिबंधातील वनस्पतींचा जवळून परिचय झाला आणि परदेशी जाण्याची संधीही तेथूनच चालून आली.

सयाजीरावांचे बडोदे

१८९३ मध्ये क्रुम्बिगल बडोदे संस्थानच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख म्हणून भारतात आले. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांना आणणारे महाराज सयाजीराव तीस वर्षांचे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी जन्मलेले सयाजीराव १८७५ मध्ये गादीवर आले होते. क्रुम्बिगल आले त्याच वर्षी त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. शाळा, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि उद्याने ही लोकशिक्षणाचीच साधने आहेत, अशी त्यांची धारणा होती. बडोद्यातील कमाटी बाग, म्हणजेच आजचे सयाजी बाग, १८७९ मध्येच लोकांसाठी उभे राहिले होते. जगात कोठेही गुणी माणूस आढळला की त्याला आपल्या संस्थानात आणायचे, हे महाराजांचे धोरण मराठी वाचकांना परिचित आहे. क्रुम्बिगल हे त्या धोरणाचे एक कमी चर्चिले गेलेले उदाहरण होय.

बडोद्यात त्यांनी सुमारे पंधरा वर्षे सेवा केली. इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेत शिकलेली विद्या येथे जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. गुजरातच्या कडक उन्हाळ्यात लंडनचे नाजूक ताटवे टिकणे शक्य नव्हते. पाण्याची उपलब्धता, सावली, स्थानिक मातीचा पोत आणि पावसाचे मोजके महिने यांचा विचार करूनच येथे बाग उभी करावी लागे. उटी येथील गायकवाडांच्या निवासस्थानाच्या बागेचे कामही त्यांनी पाहिले. दक्षिणेतील थंड डोंगराळ प्रदेशाशी त्यांचा संबंध आला तो या कामातून.

लालबागेत आगमन

बंगळूरची लालबाग ही मूळची हैदरअलीची निर्मिती. १७६० मध्ये त्याने ती सुरू केली आणि टिपू सुलतानाने देशोदेशींची झाडे आणून ती वाढवली. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. क्यूमध्येच प्रशिक्षित झालेले जॉन कॅमेरॉन यांनी १८७४ पासून तेथे अधीक्षक म्हणून दीर्घकाळ काम केले. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आलेले काचगृह त्यांच्याच कारकिर्दीतले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेली ही लोखंड आणि काचेची वास्तू आजही पुष्पप्रदर्शनाचे केंद्र आहे.

१९०८ मध्ये कॅमेरॉन निवृत्त झाले आणि म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांच्या सेवेत क्रुम्बिगल रुजू झाले. बडोद्याप्रमाणेच म्हैसूरलाही पुरोगामी राजा लाभलेला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर वसलेल्या बंगळूरची हवा वर्षभर सौम्य असते. युरोपातील हंगामी फुले आणि उष्ण कटिबंधातील वृक्ष येथे शेजारीशेजारी वाढू शकतात. हाइड पार्क आणि बडोदे या दोन्ही ठिकाणचा अनुभव एकत्र वापरता येईल, अशी ही जागा होती.

लालबागेच्या रचनेत त्यांनी सुधारणा केल्या. जगातील वनस्पती उद्यानांशी बियाण्यांची देवाणघेवाण वाढवली आणि शोभिवंत झाडांबरोबर आर्थिकदृष्ट्या उपयुक्त वनस्पतीही आणल्या. १९१२ मध्ये म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाल्यावर प्रदर्शने आणि स्पर्धांना संस्थेचे अधिष्ठान मिळाले. या संस्थेमुळे बागकाम हे राजवाड्यापुरते किंवा छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपुरते उरले नाही. सामान्य घरातील माणसालाही आपल्या अंगणातील बाग परीक्षकांना दाखवण्याची वाट मोकळी झाली. उत्तम गुलाब कसा असतो, ताटव्यात कोणता रंग कोठे शोभतो, रोपे किती अंतरावर लावावीत, हे प्रदर्शनात प्रत्यक्ष पाहून लोक शिकू लागले. स्पर्धेतील बक्षिसापेक्षा हे शिक्षण अधिक मोलाचे होते.

रस्त्यांवरचा बहर

तथापि, क्रुम्बिगल यांची सर्वांत मोठी देणगी प्रदर्शनाच्या मंडपात नाही, ती शहराच्या रस्त्यांवर आहे.

१८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरमध्ये बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती आखल्या गेल्या. दाटीवाटीच्या जुन्या पेठांपेक्षा मोकळे, हवेशीर रस्ते असावेत, असा त्यामागचा विचार होता. शहर वाढत होते आणि नव्या रस्त्यांना सावलीची गरज होती. नगररचनेच्या कामात क्रुम्बिगल यांचा सल्ला घेतला जाऊ लागला. त्यांनी रस्त्याकडेच्या वृक्षांसाठी क्रमाक्रमाने येणाऱ्या बहराची कल्पना राबवली.

ही कल्पना समजण्यास सोपी आहे. प्रत्येक वृक्षाचा फुलण्याचा काळ ठरलेला असतो. वेगवेगळ्या काळी फुलणाऱ्या जाती निवडून वेगवेगळ्या रस्त्यांवर लावल्या, तर एकीचा बहर ओसरताना दुसरीचा सुरू होतो आणि शहरात कोठे ना कोठे वर्षभर फुले दिसत राहतात. आज बंगळूरमध्ये वर्षाच्या प्रारंभी गुलाबी टॅबेबुया फुलतो. त्यामागून पिवळा टॅबेबुया येतो. मार्चमध्ये नीलमोहराचा जांभळा सडा पडतो. एप्रिल-मे महिन्यांत गुलमोहर, सोनमोहर आणि बहावा फुलतात. महाराष्ट्राने राज्यफूल म्हणून स्वीकारलेल्या ताम्हणाचा बहरही याच दिवसांतला. पावसाळा सरल्यावर आकाशनिंबाची पांढरी, सुगंधी फुले पहाटे रस्त्यांवर पसरलेली असतात.

हाइड पार्कमधील ताटव्याचेच हे विशाल रूप होते, असे म्हणता येईल. तेथे एक ताटवा उपटून दुसरा लावावा लागे, येथे काहीच उपटावे लागत नव्हते. ऋतूच हा बदल घडवून आणत होता. रंगांची आखणी ताटव्याची होती आणि वाढ मात्र झाडांच्या स्वभावानुसार होती. फरक आणखी एक होता. ताटव्याचे फळ माळ्याला काही आठवड्यांत दिसते. रस्त्याकडेचा वृक्ष पूर्ण डौलात येण्यास कित्येक वर्षे लागतात. आपण लावलेली झाडे भरात येतील तेव्हा पाहणारे लोक दुसरेच असतील, हे गृहीत धरूनच हे काम करावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. बंगळूरमधील सर्व फुलझाडे क्रुम्बिगल यांनीच आणली, असा समज प्रचलित असला तरी तो अचूक नाही. अनेक विदेशी जाती कॅमेरॉन यांच्या आणि त्याही आधीच्या काळात भारतात आलेल्या होत्या. क्रुम्बिगल यांच्या नंतर एच. सी. जवरय्या आणि एम. एच. मरिगौडा या भारतीय अधिकाऱ्यांनी हे कार्य पुढे नेले. १९८० च्या दशकात वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे १५ लाख झाडे लावण्यात आली. आज दिसणारे अनेक वृक्ष त्या मोहिमेतील आहेत. फुलण्याच्या क्रमाचा विचार करून शहर सजवण्याची दृष्टी रुजवली, हे क्रुम्बिगल यांचे श्रेय मात्र अबाधित राहते.

वृंदावन उद्यान आणि निवृत्ती

म्हैसूरजवळ कावेरी नदीवर कृष्णराजसागर धरण उभे राहिल्यावर दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या प्रेरणेने त्याच्या पायथ्याशी उद्यान करण्याचे ठरले. काश्मीरच्या शालिमार बागेचा आदर्श समोर ठेवून १९२७ ते १९३२ या काळात हे वृंदावन उद्यान आकारास आले. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी सपाट मैदाने, मधोमध वाहणारे पाणी, कारंजी आणि दोन्ही बाजूंना समतोल राखणारे ताटवे ही त्याची वैशिष्ट्ये. त्याच्या रचनेशी क्रुम्बिगल यांचे नाव जोडले जाते. मोगल उद्यानाची चौकट आणि युरोपीय ताटव्यांची शिस्त यांचा संगम तेथे दिसतो. भारतीय चित्रपटांतील असंख्य गीतांच्या चित्रीकरणामुळे हे उद्यान देशभर पोहोचले.

१९३२ मध्ये क्रुम्बिगल सेवानिवृत्त झाले आणि लालबागेची सूत्रे जवरय्या यांच्याकडे आली. जवरय्या यांनीही क्यू येथे प्रशिक्षण घेतले होते. म्हैसूर संस्थानात परकीय तज्ज्ञानंतर त्याच तोडीचा भारतीय अधिकारी उभा राहिला, ही त्या काळाच्या दृष्टीने लक्षणीय घटना होती. १९३५ मध्ये काचगृहाचा विस्तार झाला तो जवरय्या यांच्याच कारकिर्दीत.

शत्रुराष्ट्राचा नागरिक

निवृत्तीनंतर क्रुम्बिगल मायदेशी परतले नाहीत. बंगळूर हेच त्यांचे घर झाले होते आणि उद्यानविषयक सल्ला देण्याचे त्यांचे कार्य चालूच होते. परंतु १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवले. क्रुम्बिगल यांनाही स्थानबद्ध करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ७३ वर्षे होते. ते भारतात येऊन ४६ वर्षे लोटली होती. ज्या शहराच्या रस्त्यांना त्यांनी सावली दिली, त्याच शहरात त्यांच्याकडे संशयिताच्या नजरेने पाहिले गेले. आपल्या इच्छेने इंग्लंडला गेलेल्या, हाइड पार्क सजवलेल्या आणि क्यूमध्ये घडलेल्या माणसाच्या वाट्याला ब्रिटिश सत्तेकडून हे यावे, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, म्हैसूर संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. क्रुम्बिगल बंगळूरमध्येच राहिले. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. होसूर रस्त्यावरील मेथडिस्ट दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

स्मृती आणि वारसा

लालबागेलगतच्या एका रस्त्याला क्रुम्बिगल यांचे नाव आहे. बागेतील जुन्या व्याख्यानगृहालाही त्यांचेच नाव देण्यात आले होते. देखभालीअभावी जीर्ण झालेली ही वास्तू २०१७ मध्ये कोसळली आणि त्यानंतर तिची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. पुष्पप्रदर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना हे नाव परिचित असेल, हा प्रश्नच आहे.

त्यांच्या वारशापुढील खरे आव्हान वास्तूंपेक्षा वृक्षांचे आहे. वाढत्या वाहतुकीसाठी रस्ते रुंद करताना बंगळूरमधील जुन्या झाडांवर कुऱ्हाड चालत आली आहे. २०१६ मध्ये एका प्रस्तावित पोलादी उड्डाणपुलासाठी सुमारे ८०० झाडे तोडावी लागणार असल्याचे समजताच नागरिकांनी मानवी साखळी करून विरोध नोंदवला, आणि मार्च २०१७ मध्ये राज्य सरकारने तो प्रकल्प रद्द केला. २०२५ मध्ये प्रस्तावित भुयारी मार्गासाठी लालबागेच्या काही जमिनीचा विषय निघाला, तेव्हाही असाच विरोध झाला.

प्रदर्शनातील ताटवा उतरवला गेला, तरी त्याची खंत कोणाला वाटत नाही. पुढच्या हंगामात नवा ताटवा लावता येतो. रस्त्याकडेचा जुना वृक्ष गेला, तर त्याच्या जागी तेवढाच वृक्ष उभा राहण्यास एक पिढी जावी लागते, आणि बहराच्या साखळीतील एक दुवा तेवढा काळ तुटलेला राहतो. ताटव्यांच्या कलेत आयुष्य सुरू केलेल्या क्रुम्बिगल यांना हा फरक नेमका उमगला होता. म्हणूनच त्यांनी क्षणिक शोभेच्या प्रदर्शनांना संस्थेचा आधार दिला आणि टिकाऊ शोभा रस्त्यांवर नेली. जानेवारीत लालबागेच्या काचगृहासमोर प्रेक्षकांच्या रांगा लागतात, तेव्हा बाहेरच्या रस्त्यांवर गुलाबी टॅबेबुया फुललेला असतो. तो पाहण्यासाठी तिकीट लागत नाही.